आजोबांचे नाव चालवणारा इब्राहीम

गेल्या रमजानमधली गोष्ट. आटपाडीत एका ओळखीच्या घरी इफ्तारला गेलो होतो. चार दिवसांपूर्वीच घरात नातू झाला होता, त्यामुळे रोजाच्या दिवसांतही घर गजबजलेले होते. अंगणात सतरंजी अंथरलेली, ताटात खजूर, भजी, कलिंगडाच्या फोडी आणि घर माणदेशातले म्हणून डाळिंबाचे दाणे. अजानला पंधरा-वीस मिनिटे अवकाश होता. तेवढ्यात घरात दोन दिवस धुमसत असलेल्या वादाला पुन्हा तोंड फुटले. बाळाचे नाव काय ठेवायचे?

आजोबांचा आग्रह इब्राहीम या नावाचा. ते त्यांच्या वडिलांचे नाव. शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात त्या नावाला पत होती, असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. बाळाचा बाप पुण्यात एका कंपनीत नोकरीला. त्याला दोन अक्षरी, हलके, कुठल्याही वर्गात सहज खपून जाईल असे नाव हवे होते. इब्राहीम जुनाट वाटते, हे त्याचे पहिले कारण. दुसरे कारण त्याने आवाज खाली आणून सांगितले. खोली भाड्याने घेताना, अर्ज भरताना आपले नाव वाचल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटते, ते त्याने पाहिले होते. पोराच्या वाट्याला ते नको, एवढेच त्याचे म्हणणे. आजोबा गप्प झाले. पहिल्या कारणाला त्यांच्याकडे उत्तर होते, दुसऱ्याला नव्हते.

तुम्ही लिहिता-वाचता, तुम्हीच काय ते सांगा, असे कुणीतरी मला म्हणाले. तेवढ्यात अजान झाली आणि विषय तिथेच राहिला. मगरिबची नमाज झाल्यावर जेवताना मात्र मी त्यांना एका माणसाची हकीकत सांगितली. तो याच नावाचा होता, नाव त्याच्या आजोबांचेच होते आणि आपला हा माणदेश एकेकाळी त्याच्या राज्यात होता. तीच हकीकत आज वाचकांसाठी.

आधी नावाविषयी थोडेसे. नमाजी मुसलमानाच्या तोंडी इब्राहीम हे नाव दिवसातून पाचही वेळा येते. नमाजच्या अखेरच्या बैठकीत जो दरूद पढला जातो, त्यात हजरत मुहंमद पैगंबरांच्या नावाबरोबर हजरत इब्राहीम अलैहिस्सलाम यांचे नाव घेतले जाते. म्हणून त्या दरूदला दरूदे इब्राहीमी म्हणतात. कुरआनातील चौदावी सूरत त्यांच्याच नावाची आहे. हजरत इब्राहीम यांच्यावर सहीफे उतरले ते रमजानच्या पहिल्या रात्री, असेही हदीसच्या परंपरेत सांगितले जाते. यहुदी आणि ख्रिस्ती लोक त्यांनाच अब्राहम म्हणतात. तेव्हा हे नाव कुणा एका मुलखाचे नाही.

युरोपात बोस्निया आणि अल्बानिया असे दोन मुलूख आहेत. दोन्हींच्या भाषा एकमेकींना कळत नाहीत. बोस्नियाची भाषा स्लाव कुळातली, तर अल्बानियाची त्या कुळाबाहेरची, आपल्या घराण्यात एकटीच. नावे मात्र दोन्हीकडे तीच ऐकू येतात. बोस्नियात इब्राहीमला लाडाने इब्रो म्हणतात, आपल्याकडे इब्राम म्हणतात तसे. फुटबॉल पाहणाऱ्या पोरांना झ्लाटान इब्राहीमोविच ठाऊक असतो. तो स्वीडनचा खेळाडू, पण वडील मूळचे बोस्नियातले. त्याच्या आडनावाचा अर्थ इब्राहीमच्या वंशातला, एवढाच. कोसोव्होतल्या अल्बानियन लोकांनी ज्यांना आपले पहिले राष्ट्राध्यक्ष केले ते इब्राहीम रुगोवा हे साहित्याचे समीक्षक होते. बंदूक न उचलता लढा चालवण्यासाठी ते ओळखले गेले आणि २००६ मध्ये वारले.

या दोन्ही मुलखांत हे नाव रुजले ते उस्मानी तुर्कांच्या काळात. सुलतान मुहंमद दुसरा याने १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल घेतले आणि १४६३ मध्ये बोस्निया. पुढे अल्बानियातले किल्लेही त्याच्या हाती पडले. आता गंमत पाहा. याच सुलतानाशी विजापूरच्या आदिलशाही घराण्याचे नाते जोडणारी एक कथा आहे. फेरिश्ता हा इराणातून आलेला इतिहासकार विजापूरच्या दरबारात होता. त्याने लिहिले की, आदिलशाहीचा संस्थापक युसूफ हा मुहंमदाचाच धाकटा भाऊ. १४५१ मध्ये मुहंमद गादीवर आला तेव्हा भावांना मारण्याचा हुकूम सुटला. आईने युसूफला एका व्यापाऱ्याच्या हवाली केले, तो इराणात सावा या गावी वाढला आणि तिथून जहाजाने आपल्या कोकणातल्या दाभोळ बंदरात उतरला. पुढे बहामनी वजीर महमूद गवान याच्या पदरी राहून तो मोठा झाला. आजचे बहुतेक अभ्यासक ही कथा खरी मानत नाहीत. राजघराण्याला उंची द्यायला ती रचली गेली असावी, असे त्यांना वाटते. पण विजापूरच्या दरबाराने आपले मूळ कुठे शोधले, ते तिच्यातून कळते.

युसूफचे मूळ कुठलेही असो, त्याच्या घरात आलेली सून ठाऊक आहे. सून म्हणण्यापेक्षा मालकीणच म्हणा. मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराच्या बहिणीशी त्याने लग्न केले. ती बुबूजी खानम या नावाने ओळखली गेली आणि तिच्या पोटी इस्माईल जन्मला. इस्माईलचा मुलगा इब्राहीम. पैगंबरांच्या घराण्यात इब्राहीम हे वडील आणि इस्माईल हे पुत्र. विजापुरात हा क्रम उलटा झाला.

हा पहिला इब्राहीम आदिलशाह १५३४ मध्ये गादीवर बसला. त्याने केलेली एक गोष्ट मराठी माणसाने विसरू नये अशी आहे. महसुलाचे हिशेब फारसीत ठेवले जात, ते त्याने देशी भाषेत ठेवायला लावले. आपल्या बाजूच्या मुलखात ती भाषा म्हणजे मराठी. दफ्तरात मराठी जाणणारे ब्राह्मण कारकून आले. गावच्या पाटलाला आणि कुळकर्ण्याला सरकारी कागद दुभाष्याशिवाय वाचता येऊ लागला. आपल्या भागातले म्हसवडचे माने, मलवडीचे घाटगे ही घराणी याच आदिलशाहीच्या चाकरीत वाढली. पुढे आटपाडी औंध संस्थानात गेली. त्या संस्थानाचा एक तुकडा, गुणदाळ, थेट विजापूर जिल्ह्यात होता. म्हणजे विजापूरशी आपला व्यवहार अगदी संस्थाने विलीन होईपर्यंत चालू होता.

पहिल्या इब्राहीमनंतर त्याचा मुलगा अली गादीवर आला. अहमदनगरच्या निजामशाहीची लेक चांदबिबी ही त्याची बेगम. दोघांना मूल नव्हते. अलीचा भाऊ तहमास्प याला १५७० च्या सुमारास मुलगा झाला आणि त्या मुलाला आजोबांचे नाव मिळाले. हाच आपल्या हकीकतीतला इब्राहीम.

१५८० च्या एप्रिलमध्ये अलीचा महालातच खून झाला आणि नऊ वर्षांच्या इब्राहीमला तख्तावर बसवले. पोर तख्तावर असले की कारभार कुणाच्या हाती जायचा यावरून भांडणे होतात, तशीच इथेही झाली. दरबारात इराणी होते, दखनी होते, हबशी होते. प्रत्येकाचा गट वेगळा आणि प्रत्येक गटाचा डोळा त्या पोरावर. पोराच्या पाठीशी उभी राहिली ती त्याची काकू चांदबिबी. तिने त्याच्या शिक्षणाकडे लक्ष दिले आणि ती स्वतः दरबारात बसू लागली. हे किश्वरखान नावाच्या कारभाऱ्याला खुपले. त्याने तिच्यावर आळ घेतला आणि तिला महालातून ओढून काढून साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत धाडले. आज सातारकर ज्याला अजिंक्यतारा म्हणतात, तो हा किल्ला. साताऱ्याला जाताना त्या डोंगराकडे पाहिले की मला तख्तावर एकटे बसलेले ते पोर आठवते. आई-बापाच्या जागी असलेले एकमेव माणूस त्याच्यापासून तोडून त्या डोंगरावर ठेवले होते.

हबशी सरदारांनी उठाव करून किश्वरखानाला पळवून लावले आणि चांदबिबीला परत आणले. पण घरात शांतता आली नाही. हबशी सरदारांतच फूट पडली. १५८२ मध्ये दिलावरखानाने इखलासखानाचे डोळे काढले आणि कारभार बळकावला. पुढची आठ वर्षे राज्य दिलावरखानाचे आणि नाव इब्राहीमचे, असे चालले. इब्राहीमची बहीण खदीजा हिचे लग्न अहमदनगरच्या शहजाद्याशी झाले तेव्हा चांदबिबी तिच्याबरोबर माहेरच्या गावी निघून गेली. इब्राहीम आता खऱ्या अर्थाने एकटा पडला.

१५९० मध्ये तो वीस वर्षांच्या घरात होता. अहमदनगरवरच्या मोहिमेत, छावणी पडलेली असताना, एका रात्री त्याने आपला तंबू सोडला आणि विश्वासातल्या सरदारांकडे गेला. सकाळपर्यंत फौज त्याच्याकडे वळली होती. दिलावरखानाला पळ काढावा लागला. पुढे तो इब्राहीमच्या हाती लागला तेव्हा त्याचेही डोळे काढले गेले. इखलासखानाच्या नशिबी त्याने जे आणले, तेच त्याच्या वाट्याला आले.

इथून इब्राहीमची स्वतःची कारकीर्द सुरू होते. ती धुतल्या तांदळासारखी होती असे सांगून मी वाचकांची फसवणूक करणार नाही. त्याचा सख्खा भाऊ इस्माईल बेळगावच्या किल्ल्यात नजरकैदेत होता. त्याने तिथून बंड केले. बंड मोडले गेले आणि त्यात भावाचा जीव गेला. हजरत इब्राहीम यांच्या कथेत इस्माईल वाचतात, अल्लाह दुंबा पाठवतो आणि आपण दरसाल बकरी ईदला त्याची आठवण ठेवतो. विजापूरच्या इब्राहीमच्या घरातला इस्माईल वाचला नाही. तख्ताची ही किंमत त्या काळी जवळपास प्रत्येक घराण्याने मोजली. पण किंमत ती किंमतच.

उत्तरेकडून अकबराच्या फौजा उतरल्या तेव्हा अहमदनगरचा किल्ला चांदबिबीने लढवला. १५९६ मध्ये मोगलांना वऱ्हाड घेऊन तह करावा लागला, तो तिच्या हिमतीमुळे. ज्या काकूने त्याला वाढवले तिच्यासाठी इब्राहीमने सोहेलखानाच्या हाताखाली फौज पाठवली. गोदावरीकाठच्या लढाईत ती हरली. १६०० मध्ये चांदबिबीला तिच्याच लोकांनी मारले आणि अहमदनगर पडले. मोगल सीमेला येऊन भिडले. इब्राहीमने तलवारीपेक्षा वाटाघाटींवर भर दिला, मुलीचे लग्न अकबराचा मुलगा दानियाल याच्याशी लावून दिले आणि राज्य वाचवले. १६१९ मध्ये त्याने बिदर आपल्या राज्याला जोडले. सत्तेचाळीस वर्षे तो गादीवर राहिला.

पण लोकांनी त्याला लक्षात ठेवले ते या लढायांसाठी नव्हे. ज्याचे लहानपण डोळे काढणाऱ्या माणसांत गेले, त्याने मोठेपणी कान आणि जीभ यांचे राज्य उभे केले. संगीत हा त्याचा जीव होता. तो स्वतः तंबूर वाजवी. आपल्या तंबूराला त्याने मोतीखान असे नाव दिले होते आणि लाडक्या हत्तीला आतिशखान. भारतीय शास्त्रातले नऊ रस त्याला इतके भावले की नवरस हा शब्द त्याने जिथे तिथे वापरला. नवरस नावाचा सण सुरू केला आणि १५९९ मध्ये विजापूरच्या पश्चिमेला नवरसपूर नावाचे नवे शहर वसवायला घेतले. गवई, वादक, चित्रकार, शायर यांचे हे शहर व्हावे, अशी त्याची इच्छा होती.

किताबे नवरस हे त्याचे पुस्तक. ही त्याने रचलेली पदे, कोणते पद कोणत्या रागात गायचे हे सांगून लिहिलेली. भाषा दखनी, म्हणजे आपल्या आजीच्या बोलीची जुनी थोरली बहीण. या पदांत तो सरस्वतीला वंदन करतो, गणपतीचे नाव घेतो, पैगंबरांची स्तुती करतो आणि गुलबर्ग्याचे सूफी ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांच्यापुढे माथा टेकवतो. सरस्वतीला तो आई म्हणतो आणि गणपतीला पिता. लोक त्याला जगद्गुरू म्हणू लागले. मुसलमान बादशहाला हिंदू प्रजेने दिलेली ही पदवी आजही विजापुरात ऐकायला मिळते.

१६०३-०४ मध्ये अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला. लग्न ठरलेल्या मुलीची पाठवणी लांबत चालली होती, ती उरकण्यासाठी तो आला होता. त्याने आपल्या हकीकतीत विजापूरचा बाजार वर्णिला आहे. रुंद सरळ रस्ता, दुतर्फा दुकाने आणि दुकानापुढे हिरवे झाड. जवाहिरे, कापड, शस्त्रे, मिठाई, अत्तरे, सगळे एका रांगेत. तंबाखू त्याने पहिल्यांदा इथेच पाहिली आणि ती अकबराला दाखवायला बरोबर नेली. बादशहाविषयी त्याने एक गोष्ट नोंदवली, ती आपल्या कामाची आहे. इब्राहीमला फारसी समजे, पण बोलताना तो अडखळे. मराठी मात्र तो सहज बोलत असे. दिल्ली-आग्र्याच्या वकिलाला याचे नवल वाटले. आपल्याला वाटायचे कारण नाही. त्याची खापरपणजी मराठ्याची लेक होती, त्याच्या आजोबांनी हिशेबाची वही मराठीत आणली होती आणि नातवाच्या तोंडी तीच भाषा बसली होती.

शायर जुहूरी इराणातून त्याच्याकडे आला. फेरिश्ताने आपला मोठा इतिहास त्याच्याच सांगण्यावरून लिहिला आणि त्याला गुलशने इब्राहीमी हे नाव दिले. चित्रकार फर्रुख याने काढलेले त्याचे एक चित्र आज युरोपात, चेक देशाच्या प्राग शहरातील नाप्रस्तेक संग्रहालयात आहे. त्यात बादशहा तंबूर वाजवत बसला आहे. हातात तलवार नाही.

हे सगळ्यांना रुचले असे नाही. भडोचहून आलेले शाह सिबगतुल्लाह नावाचे एक सूफी बुजुर्ग विजापुरात होते. दरबारातले गाणेबजावणे आणि इतर चालीरीती त्यांना मान्य नव्हत्या आणि त्यांनी त्या उघड धिक्कारल्या. त्यांना मानणारे लोकही पुष्कळ. इब्राहीमने त्यांना इजा केली नाही, हजच्या प्रवासाची सोय करून राज्याबाहेर पाठवले. ते मदीनेत राहिले, तिथे त्यांनी शिष्य तयार केले आणि १६०६ मध्ये तिथेच वारले. म्हणजे इब्राहीमचा इस्लाम नेमका कसा होता, हा वाद त्याच्या हयातीतही होताच. आजही कुणी त्याला भटकलेला म्हणेल, कुणी त्याला आपल्यापैकी नव्हेच म्हणेल. तो नमाजी होता, त्याने मशिदी बांधल्या आणि सरस्वतीची पदेही गायली. यातले एक उचलून दुसरे झाकले तर तो माणूस हाती लागत नाही.

त्याच्या स्वप्नाचा शेवट मात्र दुःखाचा झाला. १६२४ मध्ये मोगल आणि विजापूरकर एकत्र येऊन अहमदनगरच्या मलिक अंबरविरुद्ध लढले. लढाई नगरजवळच्या भातवडीला झाली आणि मलिक अंबरने दोघांनाही धूळ चारली. त्याच्या बाजूने त्या दिवशी शहाजीराजे भोसले आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी लढले. शरीफजी तिथे कामी आले. नावांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मालोजीराजांना मूल होत नव्हते, त्यांनी नगरच्या शाह शरीफ पीरांना नवस केला आणि झालेल्या दोन मुलांना पीरांच्याच नावावरून शहाजी आणि शरीफजी ही नावे दिली, अशी परंपरा आहे. नावे अशी एका घरातून दुसऱ्या घरात जात होती आणि कुणाला त्याची भीती वाटत नव्हती.

भातवडीनंतर मलिक अंबर विजापूरवर चालून आला. शहराच्या तटाला तो धक्का लावू शकला नाही, पण तटाबाहेरचे अर्धवट बांधलेले नवरसपूर त्याने लुटून उद्ध्वस्त केले. पंचवीस वर्षे जपलेले ते शहर काही दिवसांत गेले. आज तोरवी गावाजवळ संगीत महालाचे पडके भाग उभे आहेत, तेवढीच त्याची खूण. पुढे थोड्याच दिवसांत शहाजीराजे काही काळ इब्राहीमच्या चाकरीत आले. ज्याच्या विरुद्ध लढले त्यालाच त्याने मानाने सरलष्कर केले. मलवडीच्या घाटग्यांना झुंजारराव हा किताब मिळाला तोही याच अखेरच्या वर्षांत.

१२ सप्टेंबर १६२७ रोजी इब्राहीम वारला. विजापूरच्या पश्चिमेला तटाबाहेर इब्राहीम रौजा आहे. बेगम ताज सुलताना हिच्यासाठी ही इमारत सुरू झाली, असे तिथला लेख सांगतो. मलिक संदलच्या देखरेखीखाली ती बांधली गेली. एकाच जोत्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, मध्ये कारंज्याचा हौद. कबरीच्या खिडक्यांना दगडी जाळ्या आहेत आणि जाळीची नक्षी म्हणजे अरबी अक्षरेच. अक्षरांच्या फटींतून उजेड आत येतो. इब्राहीम, ताज सुलताना, त्याची आई आणि मुले तिथे झोपली आहेत. गोल घुमट पाहायला गेलेला माणूस घुमटाखाली आवाज देऊन परततो. त्याने वाट वाकडी करून रौजाही पाहावा. गोल घुमट हा इब्राहीमच्या मुलाचा, मुहंमदशाहाचा. तो आकाराने मोठा, पण गोडवा बापाच्या कबरीत आहे.

आपल्या भागात आदिलशाहाची आणखी एक आठवण आहे. नरसोबाच्या वाडीला दत्ताच्या पादुकांचे मंदिर आहे. विजापूरच्या आदिलशाहाची मुलगी दृष्टी गमावून बसली होती, वाडीच्या अंगाऱ्याने तिला दिसू लागले, म्हणून बादशहाने मंदिर बांधून दिले आणि औरवाड, गौरवाड ही गावे इनाम दिली, अशी आख्यायिका आहे. तो आदिलशाह कोणता, हे लोक सांगत नाहीत, त्यांना त्याची गरजही वाटत नाही. पण त्या मंदिराची बांधणी मशिदीसारखी दिसते आणि कृष्णेच्या घाटावर येणाऱ्या भाविकाला त्यात वावगे वाटत नाही.

एवढी हकीकत सांगून होईपर्यंत तरावीहची वेळ झाली होती. आजोबा मधेमधे हुंकार भरत होते. बाळाचा बाप मात्र गप्प होता. तो काय विचार करत होता हे मी विचारले नाही. त्याच्या दुसऱ्या कारणाला या हकीकतीत उत्तर आहे, असा माझा दावाही नाही. खोली नाकारणाऱ्या माणसाला विजापूरचा इब्राहीम ठाऊक नसतो आणि ठाऊक करून दिला तरी तो खोली देईलच असे नाही. ती लाज नाकारणाऱ्याची आहे, पण भोगावी लागते ती नाव धारण करणाऱ्याला. बापाची काळजी खरी होती. मला एवढेच सांगायचे होते की, हे नाव इथे उपरे नाही. ते धारण करणारा एक माणूस या मातीत मराठी बोलत, तंबूर वाजवत सत्तेचाळीस वर्षे राज्य करून गेला. त्याला या नावासाठी कुणाची क्षमा मागावी लागली नाही आणि शेजाऱ्याच्या देवाचे नाव घेताना स्वतःचे नाव बदलावे लागले नाही.

तीन दिवसांनी अकिक्याचा निरोप आला. मुलगा म्हणून दोन बकरे. रोजे असल्यामुळे दिवसा जेवण नव्हते, इफ्तारनंतरच पंगत बसली. बाळाचे जावळ काढले होते आणि केसांच्या वजनाइतक्या चांदीचे पैसे गरिबांना दिले होते. शेजारच्या बायकांनी पाळण्याला फुले बांधली होती. इथली मुसलमान घरेही पाळणा हलवतातच.

नाव काय ठेवले, ते मला कुणाला विचारावे लागले नाही. दारात पोहोचलो तेव्हा आत बाळ रडत होते आणि त्याचा बाप त्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होता. उगी इब्राम, उगी, असे तो म्हणत होता. आजोबा चटईवर बसून हसत होते.